जुन्या ट्रकच्या काचा बटणावर : डावी करावी, उजवी राहू द्यावी



गळीत हंगाम आटोपला की ऊस वाहतुकीच्या ट्रकांची खरी कामे निघतात. पाटे, ब्रेक लायनर, टायर, हौद्याच्या फळ्या, रेडिएटर ही यादी वर्षानुवर्षे ठरलेली. अलीकडे या यादीत एक नवीनच बाब शिरली आहे. दरवाजाच्या काचा हँडल फिरवून वर-खाली करण्याऐवजी बटणावर करून घ्यायच्या, म्हणजे जुन्या ट्रकला पॉवर विंडो बसवायच्या. ऐकणारा प्रथम हसतो. "उसाचा ट्रक आणि त्याला नवरदेवाच्या मोटारीची थेरं!" असे एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्या तोंडावरच सुनावले. परंतु बेलापूर पंचक्रोशीत ज्यांचे स्वतःचे ट्रक कारखान्याच्या करारावर चालतात त्या मालकांशी व ड्रायव्हर मंडळींशी आम्ही बसून बोललो, तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही अशी आमची खात्री झाली. त्यात फायदा आहे, आणि आंधळेपणाने केले तर धोकाही आहे.

मूळ कारण असे की, क्लीनर मिळेनासा झाला आहे. पूर्वी ट्रक म्हटला की ड्रायव्हर आणि किन्नर ही जोडी ठरलेली. किन्नर डाव्या अंगाला बसायचा. डाव्या बाजूची सायकल, बैलगाडी, पुलाचा कठडा, उसाच्या मोळीला घासणारी बाभळीची फांदी, सगळे तोच बघायचा आणि काचेतून हात काढून दार बडवायचा. एकदा बडवले की थांब, दोनदा बडवले की चल. आता पोरे या कामाला येत नाहीत, आणि आली तरी दुसऱ्या हंगामात स्वतःच स्टेअरिंगवर बसतात. त्यामुळे बरेच ट्रक एकट्या ड्रायव्हरवर चालतात. आपली स्टेअरिंग उजवीकडे. डाव्या दाराचे हँडल त्याच्या हातापासून पुरे दीड हात लांब. ते फिरवायचे म्हणजे एकतर ट्रक उभा करायचा, नाहीतर चालत्या गाडीत आडवे पडायचे. दुसरे बऱ्याच जणांनी करून पाहिले आहे, आणि त्यातल्या काहींचा ट्रक रस्त्याकडेच्या चारीत जाता जाता वाचला आहे.

यावर ड्रायव्हर लोकांनी काढलेला तोडगा सर्वांच्या पाहण्यातला आहे. डावी काच कायमची अर्धी खाली ठेवायची आणि ती घसरू नये म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी नाहीतर लाकडाची पाचर ठोकायची. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाटाकडेने येताना तो वारा अंगात कसा शिरतो ते ज्याने रात्रपाळीचा ऊस आणला आहे त्यालाच ठाऊक. काच पूर्ण लावली तर आतून वाफ धरते आणि डावा आरसा दिसत नाही. उघडी ठेवली तर धुरळा आणि पाचटाचा भुसा थेट डोळ्यांत. म्हणजे एका खेपेत पाच-सहा वेळा तरी ती काच वर-खाली करायला हवी. यार्डात ट्रक मागे घेताना तर डावी काच उघडी पाहिजेच, कारण मागून कोणी ओरडले तर ऐकू आले पाहिजे. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मधे काट्याकडे सरकताना कानाला ऐकू येणे हे डोळ्याला दिसण्याइतकेच महत्त्वाचे असते.

आता या दाराच्या पोटात असते काय ते पाहू. हँडल फिरवले की एक लहान दातेरी चाक फिरते. ते मोठ्या दातेरी चकतीला ढकलते, चकतीला जोडलेले कात्रीसारखे दोन दांडे उघडमीट होतात आणि त्यांच्या टोकावर बसलेली काच वर-खाली होते. हँडल सोडल्यावर काच आपल्या वजनाने खाली का येत नाही? कारण हँडलच्या मागे एक गुंडाळी स्प्रिंग असते. हाताने फिरवले तर ती मोकळी होते, काचेच्या बाजूने जोर आला तर घट्ट आवळली जाते. ही स्प्रिंग झिजली किंवा तुटली की काच आपोआप ढासळते, आणि तिथून पुठ्ठ्याचे राज्य सुरू होते.

बटणाच्या काचेत एवढाच फरक की, हाताच्या जागी लहानशी विजेची मोटर येते. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतात. आटे चाकाला फिरवू शकतात, पण चाक आट्यांना उलटे फिरवू शकत नाही. म्हणून वीज बंद असली तरी काच जिथल्या तिथे धरली जाते, वेगळी स्प्रिंग लागत नाही. काच वर न्यायची की खाली, हे फक्त मोटरला दिलेल्या दोन तारांची अदलाबदल करून ठरते. बटण तेवढेच काम करते. ही युक्ती काही नवी नाही. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीच्या मोटारीत १९४० साली बटणाच्या काचा आल्या, फक्त त्या तेलाच्या दाबावर चालत. आपल्याकडे टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला १९५४ साली ट्रक बनवायला घेतले, त्यानंतर कित्येक दशके ट्रकच्या केबिनमध्ये असली सोय मागायची कोणाच्या स्वप्नातही नव्हती. ड्रायव्हर हा माणूस आहे हे केबिन बनवणाऱ्यांना उशिराच कळले, असे आमचे मत आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. पण तो नियम नव्या गाड्यांना. आपल्या सभासदांचे पंधरा-पंधरा वर्षांचे ट्रक आहेत, त्यांच्या मालकाने स्वतःच काय ते करायचे.

आधी आपली केबिन कोणती ते पाहून घ्यावे. कंपनीची पत्र्याची केबिन असेल तर दार पोकळ असते, आत मोटर बसायला जागा मिळते. परंतु पूर्वी बरेच ट्रक नुसती चासी म्हणून विकत घेतले जात आणि लाकूड-पत्र्याची केबिन गावच्या बॉडीवाल्याकडून बांधून घेत. असल्या दाराचे माप कोणत्याही दुकानात मिळत नाही. काहींना तर सरकती काच असते. तिथे हा खटाटोप करू नये. चांगल्या सुताराकडून सरकत्या काचेचा खाचा नीट करून घ्यावा, तेवढ्यात भागते.

कंपनीची केबिन असेल तर दोन-तीन मार्ग आहेत. त्याच मॉडेलच्या वरच्या दर्जाच्या गाडीत मूळचीच बटणाची काच आली असेल तर तिचा संच जुन्या बाजारातून आणावा. भोके जुळतात, कमी कटकट. तसे नसेल तर बाजारात सर्व गाड्यांना चालणारे म्हणून संच मिळतात. त्यांतला एक प्रकार जुन्या हँडलच्या दातेरी टोकावरच मोटर चढवतो आणि आतले कात्रीचे दांडे तसेच ठेवतो. दुसऱ्यात जुने सगळे काढून टाकतात आणि तारेच्या दोरीवर काच ओढणारे नवे यंत्र बसवतात. मोटारगाडीच्या हलक्या काचेला दोरीचे यंत्र ठीक, पण ट्रकची काच मोठी व जड आणि खडीच्या रस्त्यावर दिवसभर धक्के. ती दोरी रुळावरून उतरते नाहीतर तिचे एकेक तंतू तुटू लागतात. आमचा कौल हँडलच्या टोकावर बसणाऱ्या मोटरला. ते दिसायला ओबडधोबड, दाराच्या आतून थोडे पुढे आलेले असते, पण बिघडले तर खोलायला सोपे. दोन्ही दारांचा संच आणि मजुरी मिळून ट्रकच्या एका नव्या टायरच्या किमतीच्या आत बसते. एकाच दाराचे काम त्याहून कमी.

श्रीरामपूरच्या बाजूला एका मिस्त्रींकडे आम्ही एक दार खोलताना उभे राहून पाहिले. मिस्त्रींनी मोटरला हात लावण्याआधी अर्धा तास नुसता काचेचा खाचा साफ केला. खाचेतून मूठभर वाळकी माती, पाचटाचे तुकडे आणि एक मेलेला गांधील निघाला. आम्ही विचारले, "मिस्त्री, मोटर बसवायची तर हे कशाला?" ते म्हणाले, "मालक, हँडल दोन बोटांनी फिरलं पाहिजे. हाताला जड लागतंय ते मोटरला हलकं लागंल व्हय?" पुष्कळ लोक जड झालेल्या काचेवर उपाय म्हणून मोटर बसवतात आणि महिन्यात ती जाळून घेतात. आधी खाचेतले रबर व नमदा बदलावा आणि सिलिकॉनचा फवारा मारावा. ग्रीस अजिबात लावू नये, त्यावर धूळ बसून लेप तयार होतो. डिझेल तर नकोच, रबर फुगून खराब होते. दाराच्या तळाशी पाणी जायला भोके असतात ती चिखलाने बुजलेली असली तर खिळ्याने मोकळी करावीत. ती बुजली की पावसाचे पाणी दारात साठते. पत्रा तर गंजतोच, आता त्यात मोटरही भिजणार.

सर्वांत जास्त घोळ व्होल्टेजचा होतो. छोटे टेम्पो बहुधा १२ व्होल्टवर चालतात. मोठ्या ट्रकांत काही १२ वर आहेत तर काही दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडून २४ व्होल्टवर. बाजारातले बहुतेक संच १२ व्होल्टचे. मग मिस्त्री काय करतो, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून तार काढतो. तिथे १२ व्होल्ट मिळतात, काच चालते, मालक खूश होऊन घरी जातो. पण त्यामुळे एकाच बॅटरीवर बोजा पडतो आणि डायनामो मात्र दोघींना मिळून चार्ज करतो. एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जादा खाते, आणि भर हंगामात दोन्ही बसतात. कित्येकांच्या बॅटऱ्या अशाच टेप-रेडिओपायी गेल्या आहेत. २४ व्होल्टचा ट्रक असेल तर २४ व्होल्टचीच मोटर मागावी. थोडे थांबावे लागले तरी चालेल. ती न मिळाल्यास २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. पण टेपसाठी मिळणारा लहान नव्हे. काचेची १२ व्होल्टची मोटर चालताना साधारण ५ ते ८ अँपिअर ओढते, आणि काच वर जाऊन अडली की क्षणभर १५ ते २० पर्यंत जाते. कन्व्हर्टर त्या क्षणाला पुरला पाहिजे.

तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी. बारीक तार घातली तर काच म्हाताऱ्यासारखी कण्हत वर जाते आणि तार तापते. फ्यूज बॅटरीच्या जवळ, एका १२ व्होल्टच्या दाराला २० अँपिअरचा. एका ट्रकला फ्यूजच नव्हता. दाराच्या बिजागरीत तार चेपली, सालपट निघून पत्र्याला टेकली आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला. ट्रक भरलेला होता, वर वाळलेले पाचट. ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून बॅटरीचे टर्मिनल उपटले म्हणून निभावले. फ्यूज किती रुपयांचा, ते सांगायची गरज नाही. बिजागरीपाशी तार रबरी नळीतूनच न्यावी आणि दार पूर्ण उघडल्यावरही ती ताणली जाणार नाही इतकी ढिली ठेवावी. वीज चावीवरून घ्यावी, म्हणजे चावी काढली की बटण मेले.

हे चावीचे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या ट्रकच्या केबिनमध्ये मुले बसतात. तोडणी मजूर पाथर्डी, आष्टी, बीडकडून येतात. फडातून अड्ड्यावर जाताना बाया आणि लहान लेकरे केबिनमध्ये बसवली जातात, हौद्यात उसावर बसवण्यापेक्षा ते बरेच. लेकरू सीटवर उभे राहून डोके बाहेर काढते, गुडघा किंवा पाय बटणावर पडतो. हँडलची काच असली तर काहीच होत नाही. बटणाची काच वर जात राहते आणि मानेला लागल्यावरही थांबत नाही. महागड्या मोटारींत अडथळा लागला की काच उलटी फिरते, आपल्या साध्या संचात ती सोय नसते. अमेरिकेत अशाने मुले दगावली, तेव्हा तिथल्या संसदेने २००५ साली कायदा करून बटणांची रचना बदलायला लावली. बटण उचलले तरच काच वर जावी, दाबले की खालीच यावी. आपणही दुकानात असलेच बटण मागावे. डोलणारे बटण, ज्याच्या एका टोकावर दाबले की काच वर जाते, ते स्वस्त असले तरी घेऊ नये. आणि बटण दारावर न बसवता ड्रायव्हरच्या हाताशी, डॅशबोर्डवर उजवीकडे बसवावे. डाव्या दाराजवळ दुसरे बटण ठेवूच नये.

आता उजव्या काचेचा प्रश्न. दुकानदार म्हणतो, संच जोडीचा आहे, दोन्ही बसवा. काही मालकही म्हणतात की एक बटणावर आणि एक हँडलवर हे भिकारपणाचे दिसते. एका तरुण सभासदाचे म्हणणे असे की, काट्यावर चिठ्ठी देताना, रस्त्यावर कागद दाखवताना दिवसातून पन्नास वेळा उजवीच काच खाली करावी लागते, मग सोय तिथे नको का? म्हणणे खोटे नाही. तरीही आम्ही उजवी काच हँडलवरच ठेवा असे सांगू, आणि त्याचे कारण आपला पाट.

भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. त्या पाण्यावर प्रवरेचे डावे-उजवे कालवे चालतात आणि आपला ऊस उभा राहतो. आपले निम्मे ऊसरस्ते या पाटांच्या आणि चाऱ्यांच्या कडेने जातात. आवर्तन सुटलेले असते, भराव ओला असतो, समोरून ट्रॅक्टर दुहेरी ट्रॉली घेऊन येतो आणि आपला ट्रक कडेला दबतो. गाडी पाण्यात गेली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. माणूस बाहेर पडतो तो काचेतून, आणि त्यासाठी पहिले अर्धे-एक मिनिटच हाती असते. विजेची काच पाण्यात तत्काळ बंद पडते असे नाही. पुष्कळदा थोडा वेळ चालतेही. पण बॅटरी पाण्यात गेली, फ्यूज उडाला, किंवा दाब पडून काच खाचेत चेपली, तर त्या बटणावर किती भरवसा ठेवायचा? हँडल मात्र वीज मागत नाही. उजव्या काचेला ड्रायव्हरचा हात पोचतो, तिला मोटर कशासाठी? सोयीची खरी गरज आहे ती हात न पोचणाऱ्या डाव्या काचेला.

ज्यांना दोन्ही करायच्याच आहेत त्यांनी एक टोकदार लोखंडी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी क्लिपमध्ये अडकवून ठेवावी. सीटखाली नको, गाडी कलंडली की सीटखालची वस्तू सापडत नाही. बाजूची काच कोपऱ्यात ठोकायची, मध्यभागी नाही. ती कडक भाजलेली असते, कोपऱ्यात टोक बसले की सगळी चुरा होऊन पडते. समोरच्या मोठ्या काचेवर वेळ घालवू नये. ती दोन थरांची असून मधे पापुद्रा असतो, तडकते पण भगदाड पडत नाही. खरे म्हणजे ही हातोडी हँडलवाल्या ट्रकांतही असावी.

कागदपत्रांची भीती काही जणांना वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील बदलतील असा फेरफार करता येत नाही. काचेच्या मोटरने त्यातला कोणताही तपशील बदलत नाही. आठ वर्षांवरील ट्रकला दरवर्षी पासिंग असतेच. श्रीरामपूरला आपला एमएच-१७ चा ट्रक नेण्याआधी नव्या तारा नीट बांधलेल्या, कुठेही लोंबकळत नसलेल्या असाव्यात. दार उघडलेच आहे तर काचेला काळी फिल्मही लावून घेऊ, असा मोह मात्र आवरावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती बंद केली आहे. आणि ऊस वाहणाऱ्याला रात्री डावीकडचे सायकलस्वार तसेच कमी दिसतात.

काम करायचे ते दसऱ्याआधी. एकदा कारखान्याचा बॉयलर पेटला आणि खेपा सुरू झाल्या की मिस्त्रीला घाई, मालकाला घाई, आणि फ्यूजची आठवण कोणालाच राहत नाही. गाडी घरी आणण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून काच चार-पाच वेळा वर-खाली करून पाहावी, मग हेडलाइट लावून पुन्हा पाहावी. दिवे लावल्यावर काच फारच मंदावली तर तार बारीक आहे किंवा अर्थिंग कच्चे आहे असे समजावे. पहिल्या पावसानंतर दाराची भोके परत एकदा बघावीत.

डाव्या दाराचे काढलेले हँडल आणि त्याची क्लिप भंगारात टाकू नये. कापडात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवावी. मोटर हंगामात मध्येच बसली तर चार स्क्रू काढून मोटर बाजूला करावी, त्याच दातेरी टोकावर हँडल परत चढवावे आणि खेप पुरी करावी. हँडलच्या टोकावर बसणारा संच घ्या असे आम्ही म्हटले ते याचसाठीही.